९७.९ टक्क्यांवर पेढे वाटावेत का?

प्रश्न असा आहे: "पुण्यातल्या एका कॉलेजात एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी वेताळ टेकडीवरची माती आणून त्यातून जिवाणू वेगळे केले. एका फिकट गुलाबी कॉलनीचा १६एस सिक्वेन्स बाहेरून करून घेतला. ब्लास्टमध्ये सगळ्यात जवळचा जिवाणू ९७.९ टक्के जुळतो. आमचे सर म्हणतात नवी स्पीशीज असू शकते. पुढे काय करायचं? आणि नाव मी देऊ शकते का?"

पेढे इतक्यात आणू नका, पण प्लेटही नष्ट करायला ऑटोक्लेव्हमध्ये टाकू नका.

मातीतल्या जिवाणूंवर काम करायला लागून मला वीस वर्षं उलटून गेली. या काळात "मॅडम, नवी स्पीशीज सापडली" असं सांगत आलेली मुलं मोजायची तर दोन्ही हातांची बोटं पुरणार नाहीत. खरंच नवी निघालेली मोजायला एक हात पुरतो. हे तुम्हाला नाउमेद करायला सांगत नाही. मातीत अजून कोणी न पाहिलेलं भरपूर आहे. सूक्ष्मदर्शकाखाली मोजलेल्या पेशींपैकी साधारण शेकडा एक एवढ्याच नेहमीच्या प्लेटवर उगवतात, हे तुम्ही पहिल्या वर्षाला शिकला असाल. तेव्हा नवं सापडणं अजिबात अशक्य नाही. ते नवं आहे हे दाखवणं मात्र वेगळं काम आहे, आणि त्यात तुमच्या जिवाणूपेक्षा त्याच्या शेजाऱ्यांवरच जास्त वेळ जातो.

शब्दांचा घोळ आधीच टाळू. शाळेच्या पुस्तकात जीनसला प्रजाती आणि स्पीशीजला जाती म्हणतात, वर्तमानपत्रं स्पीशीजला प्रजाती म्हणतात. प्रयोगशाळेत आम्ही बोलतो तसं मी जीनस आणि स्पीशीजच म्हणते. १६एस म्हणजे जिवाणूची ओळख पटवायला वाचतात तो जीन, सिक्वेन्स म्हणजे त्यातल्या बेसचा, डीएनएच्या अक्षरांचा, क्रम, आणि ब्लास्ट म्हणजे तो क्रम आधी साठवलेल्या क्रमांशी जुळवून बघायचा ऑनलाइन शोध.

आता तो आकडा. सिक्वेन्सची लांबी तुम्ही लिहिलेली नाही, आणि माझा पहिला प्रश्न तोच आहे. बाहेरून एकाच प्रायमरने (जिथून वाचन सुरू होतं तो डीएनएचा छोटा तुकडा) करून घेतला असेल तर हातात सातशेच्या आसपास बेस असतील. पूर्ण जीन साधारण पंधराशे बेसचा. सातशेत २.१ टक्के फरक म्हणजे पंधरा बेस. सॅंगर या वाचनाच्या पद्धतीत सुरुवातीचे तीस-चाळीस बेस नीट वाचता येत नाहीत आणि शेवटाकडे शिखरं पसरट होऊन एकमेकांत घुसतात. सॉफ्टवेअर तिथेही काहीतरी अक्षर ठोकून देतं. समजा, तुमच्या पंधरा फरकांपैकी दहा त्या शेपटीतले निघाले. शेपटी कापल्यावर साडेसहाशे बेसमध्ये पाचच फरक उरले, म्हणजे जुळणी ९९.२ टक्के झाली आणि नवी स्पीशीज जागच्या जागी विरघळली. म्हणून अक्षरांची फाईल बाजूला ठेवा, क्रोमॅटोग्राम, म्हणजे यंत्राने काढलेला शिखरांचा आलेख, उघडा आणि प्रत्येक फरकाच्या जागी शिखर स्वच्छ आहे का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. २७एफ आणि १४९२आर या दोन्ही टोकांच्या प्रायमरने वाचून घ्या, मध्ये आणखी एखादा लागला तर तोही वापरा, आणि किमान चौदाशे बेसचा सलग सिक्वेन्स जोडा. त्याआधी टक्केवारीवर बोलण्यात अर्थ नाही.

ज्याच्या खाली वेगळी स्पीशीज मानायची, ती टक्केवारीची रेषाही सरकत आली आहे. १९९४ पासून बरीच वर्षं ९७ टक्के धरत असत. जीनोम, म्हणजे जिवाणूचे संपूर्ण डीएनए, भराभर वाचून यायला लागल्यावर ती वर गेली. २०१४ मध्ये ९८.६५ सुचवली गेली, आणि आता सगळे ९८.७ च्या आसपास धरतात. पूर्ण लांबीचा सिक्वेन्स याच्या खाली असेल तर वेगळ्या स्पीशीजची शक्यता चांगली आहे. वर असेल तर मात्र "तीच स्पीशीज" असा निष्कर्ष काढू नका. बॅसिलस सिरियस, अँथ्रॅक्सचा बॅसिलस अँथ्रासिस आणि पिकांवर फवारतात तो बॅसिलस थुरिंजिएन्सिस, या तिघांचा १६एस ९९ टक्क्यांहून अधिक सारखा आहे. त्यातला एक माणूस मारतो, एक अळी मारतो, आणि १६एसला त्याचा पत्ताही नसतो.

दुसरं, तुलना कोणाशी केली? साध्या ब्लास्टमध्ये कोणीही, कसंही नाव देऊन टाकलेले सिक्वेन्स असतात, कधीच न वाढवलेल्या जिवाणूंचे क्लोनही असतात. तुम्हाला तुलना हवी ती टाईप स्ट्रेनशी. टाईप स्ट्रेन म्हणजे नाव देताना नमुना म्हणून जपून ठेवलेला जिवाणू, त्या नावाचा सातबारा समजा. स्पीशीजचा तो सर्वांत देखणा किंवा सरासरी नमुना असेलच असं नाही, पण ते नाव कोणाचं हे त्याच्यावरूनच ठरतं. ईझेडबायोक्लाउड या संकेतस्थळावर सिक्वेन्स टाका, तिथे टाईप स्ट्रेनशी जुळवलेली यादी मिळते. किंवा ब्लास्टमध्येच फक्त टाईप मटेरियल निवडा. आलेली नावं एलपीएसएन या जिवाणूंच्या नावांच्या ऑनलाइन यादीवर तपासा, कारण नावं बदलत राहतात. २०२१ मध्ये तर फायलमची, म्हणजे मोठ्या गटांचीच, नावं बदलली. तुमच्या नोट्समधले फर्मिक्युट्स आता बॅसिलोटा झाले, प्रोटिओबॅक्टेरिया स्यूडोमोनाडोटा. परीक्षेत जुनं लिहा की नवं ते सरांना विचारा, पेपरात नवंच लागेल.

यानंतर झाड, म्हणजे जिवाणूंच्या नात्यांची वंशावळ, काढा. पंधरा-वीस जवळचे टाईप स्ट्रेन, एक लांबचा पाहुणा, नेबर-जॉइनिंग आणि मॅक्सिमम लाइकलीहूड अशा दोन्ही पद्धती, हजार बूटस्ट्रॅप (फांद्या किती पक्क्या ते तपासायच्या फेऱ्या). दोन्ही झाडांत तुमचा जिवाणू त्याच फांदीवर बसतो का ते बघा. एका झाडात इथे आणि दुसऱ्यात तिथे असेल तर सिक्वेन्समध्येच काहीतरी गडबड आहे असं मी आधी धरते.

पण या सगळ्याच्या आधीची पायरी: कल्चर, म्हणजे प्लेटवर वाढवलेला जिवाणू, शुद्ध आहे का? हे वाचून तुम्हाला राग येईल, मलाही आला होता. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे एक पिवळा जिवाणू होता. नायट्रेट रिडक्शनची चाचणी कधी पॉझिटिव्ह, कधी निगेटिव्ह. मी रसायनांना दोष दिला, पाण्याला दिला, इन्क्युबेटरला दिला. आठ महिन्यांनी एका वयस्क लॅब असिस्टंटने, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणायचो, माझी जुनी, फ्रीजमध्ये विसरलेली प्लेट उजेडात धरली आणि म्हणाले, "ताई, पिवळ्याच्या कडेला काचेसारखं काय आहे?" पिवळ्या कॉलनीच्या बुडाशी एक पारदर्शक, हळू वाढणारा सोबती होता. चोवीस तासांच्या प्लेटवर तो दिसायचाच नाही. आठ महिने मी दोन जिवाणूंचं एकच चरित्र लिहीत होते.

मातीत हे नेहमी घडतं. जिवाणू एकमेकांच्या डिंकात राहतात, एकमेकांनी सोडलेल्या विटामिनांवर जगतात. तेव्हा किमान चार वेळा स्ट्रीक करा (नव्या प्लेटवर रेघा ओढून पसरा), आणि दर वेळी एकट्या कॉलनीवरून. एकदा नेहमीच्या मीडियावर (जिवाणू वाढवायच्या खाद्यावर), एकदा आर२ए सारख्या गरीब मीडियावर, कारण श्रीमंत मीडियावर सोबती दबून राहतो. प्लेट २८ अंशांवर दोन आठवडे ठेवा, कोरडी पडू नये म्हणून पिशवीत गुंडाळून. ग्रॅम स्टेन, म्हणजे पेशीभित्तीप्रमाणे पॉझिटिव्ह की निगेटिव्ह ते सांगणारी रंगचाचणी, ताज्या आणि जुन्या अशा दोन्ही कल्चरचा करा. क्रोमॅटोग्राममध्ये बऱ्याच ठिकाणी एकाखाली एक दुहेरी शिखरं दिसत असतील तर पहिला संशय मिश्रणाचा घ्या. पहिला म्हणते, कारण एकाच जिवाणूत १६एसच्या अनेक प्रती असतात (ई. कोलायमध्ये सात, बॅसिलस सबटिलिसमध्ये दहा) आणि त्या एकमेकींपासून एखाद्या बेसने वेगळ्या असू शकतात. एक-दोन दुहेरी शिखरं शुद्ध कल्चरमध्येही चालतात. वीस चालत नाहीत.

कॉलनी फिकट गुलाबी आहे म्हणता. उन्हात तापणाऱ्या टेकडीच्या मातीत रंगीत जिवाणू बरेच निघतात. त्यातला बराच रंग कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्यांचा असतो आणि तो ऊन आणि कोरडेपणा सोसायला मदत करतो. गुलाबी म्हटलं की मला मिथायलोबॅक्टेरियम, डायनोकॉकस, हायमेनोबॅक्टर, रोझिओमोनस अशी नावं सुचतात. जीनस तुम्ही सांगितलेला नाही, आणि पुढच्या अर्ध्या चाचण्या त्याच्यावर अवलंबून आहेत. मिथायलोबॅक्टेरियम असेल तर कार्बनचा एकमेव स्रोत म्हणून मिथेनॉल देऊन बघणं आलं. डायनोकॉकस असेल तर ग्रॅम स्टेनवर भोळेपणाने विश्वास ठेवू नका, त्यातले बरेच पॉझिटिव्ह दिसतात आणि पेशीभित्तीची बांधणी मात्र निगेटिव्हसारखी निघते. ज्या जीनसमध्ये तुम्ही पोचाल, त्यातल्या अलीकडच्या चार-पाच स्पीशीजची वर्णनं काढून वाचा. त्या लोकांनी ज्या चाचण्या केल्या, त्याच तुम्हाला कराव्या लागतील.

शुद्ध कल्चर, पूर्ण १६एस आणि टाईप स्ट्रेनशी जुळणी ९८.७ च्या खाली, एवढं जमलं की जीनोम करून घ्या. पूर्वी इथे डीएनए-डीएनए हायब्रिडायझेशन करावं लागे. १९८७ मध्ये ठरलेली ७० टक्क्यांची रेषा त्यातूनच आली. दोन जिवाणूंचे डीएनए वितळवायचे, पुन्हा जुळू द्यायचे, किती जुळले ते मोजायचं. तीनदा केलं तर तीन उत्तरं. हात बसलेला माणूस त्या प्रयोगशाळेतून गेला की पद्धतही त्याच्यामागे जायची. आता दोन जीनोम संगणकावर ताडून बघतात. सरासरी न्यूक्लिओटाइड साम्य, म्हणजे एएनआय, ९५-९६ टक्क्यांच्या खाली आणि डिजिटल हायब्रिडायझेशन ७० च्या खाली असेल तर स्पीशीज वेगळी. जर्मनीतल्या डीएसएमझेड या कल्चर संग्रहाचा टीवायजीएस सर्व्हर जीनोम चढवला की जवळचे टाईप जीनोम स्वतःच शोधून हा हिशोब फुकट करून देतो. जीनोम आल्यावर पहिलं काम म्हणजे त्यातून १६एस काढून तुमच्या सॅंगर सिक्वेन्सशी ताडणं. ते जुळलं नाही तर कुठेतरी ट्यूब बदलली आहे. हसू नका, होतं असं. चेकएम हा प्रोग्रॅम चालवून भेसळ किती ते बघा. आणि एएनआय शेजारच्या एकाच स्पीशीजशी काढून थांबू नका. १६एसमध्ये चौथ्या नंबरवर असलेला शेजारी जीनोममध्ये सख्खा भाऊ निघालेला मी पाहिला आहे.

इथे पुण्याशी नातं असलेली एक गोष्ट सांगते. एप्रिल २००५ मध्ये हैदराबादहून एक मोठा फुगा सोडला होता. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा निर्जंतुक नळ्यांत भरून आणायची, त्यात काही जिवंत आहे का ते बघायचं. या प्रयोगाचे प्रमुख आपल्या आयुकाचे खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर. जिवाणूंची तपासणी हैदराबादच्या सीसीएमबी आणि इथे गणेशखिंडीतल्या एनसीसीएस या पेशी-संशोधन संस्थांमध्ये झाली. २००९ मध्ये त्यातून तीन नव्या स्पीशीज जाहीर झाल्या: खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांच्या नावाने जॅनिबॅक्टर हॉयलाय, इस्रोच्या नावाने बॅसिलस इस्रोनेन्सिस, आणि बॅसिलस आर्यभट्टाय. काम तेव्हाच्या रिवाजाला धरून, नीट केलेलं होतं. पण २०१९ मध्ये जीनोम ताडून बघितल्यावर आर्यभट्टाय हा जुन्या बॅसिलस मेगाटेरियमपेक्षा वेगळा नाही असं दिसलं. मेगाटेरियम हे नाव १८८४ चं. जुन्या नावाचा हक्क पहिला, म्हणून आर्यभट्टाय त्याचं समानार्थी नाव ठरलं. पुढच्याच वर्षी मेगाटेरियमचीही बदली झाली, तो आता बॅसिलस नसून प्रीस्टिया मेगाटेरियम आहे. तुमच्या सरांना ही गोष्ट सांगून बघा. जीनोमचे पैसे प्रोजेक्टमध्ये बसत नाहीत असं म्हणत असतील तर कदाचित बसवतील.

जीनोमने वेगळं दाखवलं म्हणजे काम संपलं असं तरुण मंडळींना वाटतं. वर्णन अजून व्हायचं असतं. वाढीचं तापमान, पीएच, मिठाची मर्यादा, कॅटालेज आणि ऑक्सिडेज या एन्झाइमच्या चाचण्या, एपीआयच्या पट्ट्या किंवा बायोलॉग (तयार चाचणी-संच), पेशीतले फॅटी ॲसिड, क्विनोन, ध्रुवीय लिपिड, ग्रॅम पॉझिटिव्ह असेल तर पेशीभित्तीतलं अमिनो आम्ल. यातलं लिपिडचं काम एम.एस्सी.च्या लॅबमध्ये बहुधा होणार नाही, बाहेरून करून घ्यावं लागेल. लक्षात ठेवायची गोष्ट एकच. शेजाऱ्यांचे टाईप स्ट्रेन मागवा आणि त्यांना तुमच्याच लॅबमध्ये, त्याच मीडियावर, त्याच तापमानाला, त्याच वयाचे वाढवून तुमच्या जिवाणूच्या बाजूला बसवून तपासा. फॅटी ॲसिड तर मीडिया बदलला की बदलतात. माझा एक पेपर याच कारणाने परत आला होता. माझा जिवाणू टीएसए या नेहमीच्या मीडियावर वाढेना म्हणून मी आर२ए वापरला आणि शेजाऱ्याचे आकडे जुन्या पेपरातून उचलले, ते टीएसएवरचे. समीक्षकाने दोन ओळींत निकाल लावला. बरोबर होता तो.

टाईप स्ट्रेन परदेशातून येणार असतील तर वेळ धरून चाला. काचेच्या ॲम्प्यूलमध्ये वाळवलेली भुकटी येते, ती जागी व्हायला आठवडा घेते, आणि कस्टममध्ये किती दिवस अडकेल ते सांगता येत नाही. आधी पाषाणच्या एनसीएलमधलं एनसीआयएम, इथलंच एनसीएमआर (जुने लोक त्याला अजून एमसीसी म्हणतात) आणि चंडीगडचं एमटीसीसी या कल्चर संग्रहांच्या यादीत बघा. बऱ्याचदा हवा तो स्ट्रेन तुमच्या कॉलेजपासून रिक्षाच्या अंतरावर असतो.

मॅल्डी-टॉफवर (प्रथिनांवरून जिवाणू ओळखणारं यंत्र) "ओळख पटली नाही" आलं म्हणून काही मुलं खूश होतात. त्या यंत्राकडे असलेल्या यादीत प्रामुख्याने दवाखान्यात भेटणारे जिवाणू आहेत. टेकडीवरचा जिवाणू त्याला ओळखता आला नाही, यात नवल नाही. मात्र तुमच्याकडे चाळीस गुलाबी कॉलनी असतील तर त्यातल्या सारख्या कोणत्या हे झटपट वेगळं करायला ते यंत्र उत्तम आहे. आणि तसं कराच. एकाच स्ट्रेनवर उभं केलेलं वर्णन नियमाला चालतं, पण दोन-तीन वेगवेगळ्या जागांवरून तोच जिवाणू मिळाला तर त्याच्यात काय स्थिर आहे आणि काय बदलतं ते कळतं. पुन्हा टेकडीवर जा. बराच भाग वन विभागाचा आहे, तेव्हा परवानगीचं पत्र खिशात असू द्या. तारीख, खोली, जागेचे अक्षांश-रेखांश वहीत लिहा. पहिल्या वेळी लिहिले नसतील तर आत्ताच आठवून लिहून ठेवा.

आता नाव. हो, तुम्ही देऊ शकता, पेपरात लेखक असाल तर. स्वतःचं नाव मात्र देऊ नये, तसा संकेत आहे. नाव लॅटिनच्या व्याकरणात बसावं लागतं आणि जीनसच्या लिंगाशी जुळावं लागतं. पुण्यावरून ठेवायचं तर बॅसिलस किंवा शेवटी -बॅक्टर असलेल्या पुल्लिंगी जीनसबरोबर पुणेन्सिस, स्त्रीलिंगी -मोनास बरोबरही पुणेन्सिस, पण -बॅक्टेरियम हे नपुंसकलिंगी, तिथे पुणेन्से होईल. व्यक्तीवरून ठेवायचं तर पुरुषाला शेवटी -आय, बाईला -ए. ठेवण्याआधी एलपीएसएनवर ते नाव त्या जीनसमध्ये आधीच कोणी घेतलेलं नाही ना ते बघा. मराठी मुलं बहुधा आजोबांचं किंवा गावाचं नाव सुचवतात. मला गावाचं आवडतं, त्यात भांडणं कमी.

नाव अधिकृत व्हायला आयजेएसईएम या नियतकालिकात वर्णन यावं लागतं. दुसरीकडे छापलं तर आयजेएसईएमच्या मान्यता-यादीत नाव घालून घ्यावं लागतं. आणि टाईप स्ट्रेन दोन वेगवेगळ्या देशांतल्या दोन सार्वजनिक कल्चर कलेक्शनमध्ये ठेवून त्यांची प्रमाणपत्रं जोडावी लागतात. कोणीही मागितला तर मिळाला पाहिजे ही अट आहे, "आम्हाला विचारल्याशिवाय देऊ नका" असं घालून ठेवलेला स्ट्रेन चालत नाही. आपल्याकडे २००२ चा जैवविविधता कायदा आहे. त्याच्या ३९ व्या कलमाप्रमाणे नवा टॅक्सॉन (इथे नवी स्पीशीज) नेमून दिलेल्या संग्रहाला कळवून तिथे नमुना ठेवावा लागतो, आणि परदेशी पाठवताना परवानगीचा प्रश्न येतो. ही कागदपत्रं प्रयोग संपल्यावर सुरू करू नका. एनसीएमआरमधल्या लोकांना रोज हेच विचारलं जातं, ते नीट सांगतात. फोन करून जा.

एका सत्रात हे सगळं होणार नाही, दीड-दोन वर्षं धरा. तोवर प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये जीनसचं नाव, पुढे "एसपी." आणि तुमचा स्ट्रेन नंबर एवढंच लिहा. सिक्वेन्स साठवणाऱ्या जेनबँकेतही तसंच टाका. "नोव्हा", म्हणजे नवी, हा शब्द अजून नको. आणि पेपर पाठवायच्या दिवशी सकाळी एलपीएसएन आणि ईझेडबायोक्लाउड पुन्हा उघडा. तुमच्यासारखीच टेकडी चीनमध्ये आणि कोरियातही आहे, आणि तिथे गुलाबी कॉलनी उचलणारे बरेच जण आहेत.

आज संध्याकाळी घरी जायच्या आधी एक काम करा. शुद्ध कल्चरच्या सहा व्हायल २० टक्के ग्लिसरॉलमध्ये भरा, प्रत्येकीवर स्ट्रेन नंबर आणि तारीख न पुसणाऱ्या पेनने लिहा, आणि तीन तुमच्या फ्रीजरमध्ये, तीन दुसऱ्या डिपार्टमेंटच्या फ्रीजरमध्ये ठेवा. गुरुवारी लाईट जाते तेव्हा जनरेटर कोणत्या मजल्यापर्यंत चालतो हे शिपायाला विचारून ठेवा.